पिण्याच्या पाण्याच्या धरणाजवळ माउंटन बाईक: बैठकीत नेमकं काय मागावं?

डोंगरचाक:

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय पण विषयच तसा आहे. आम्ही एमटीबीवाले (म्हणजे माउंटन बाईकवाले) ज्या डोंगरात चालवतो ना, तो सगळा एका धरणाचा पाणलोट आहे, आणि ते धरण निव्वळ पिण्याच्या पाण्याचं आहे. आत्तापर्यंत तिथे काही जुन्या वाटा होत्या, लोक चालायचे, आम्ही सायकली न्यायचो, कुणी काही बोलायचं नाही. पण आता रायडर खूप वाढलेत, ई-बाईकमुळे ज्यांना चढ झेपायचा नाही तेही वरपर्यंत पोचतायत (ते चांगलंच आहे), आणि कुणीकुणी झाडीतून आपल्या मनाने नव्या वाटा पाडल्यात, त्यातल्या काही तर थेट पाण्यापर्यंत उतरतात. झालं, पाणीपुरवठावाल्यांनी सगळाच पाणलोट सायकलींना बंद करायचा प्रस्ताव काढलाय, हरकती मागवल्यात आणि लवकरच बैठक आहे.

ग्रुपवर दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, सायकलीला ना धूर ना तेलाची गळती, पाण्याचं काय बिघडणार, पूर्ण ताकदीने विरोध करू. दुसरे म्हणतात गप्प बसा, पाण्याचा विषय निघाला की लोक आपल्याच अंगावर येतात. मला दोन्ही पटत नाहीये. तेच पाणी माझ्या घरच्या नळाला येतं, त्यामुळे नुसतं "आमचा हक्क" म्हणून भांडायला जायचं नाहीये, पण डोंगर कायमचा बंद झाला तर तेही मनाला लागणार आहे. तर जाणकारांनो, खरा धोका कशाचा आहे, बाकी जगात हे कसं निभावतात, आणि आम्ही काय मागितलं तर ते पाण्याच्या बाजूने विचार केला तरी रास्त ठरेल?

शुद्धजल:

मी पाणी शुद्धीकरणाच्या क्षेत्रात काम करते म्हणून आधी त्या बाजूने लिहिते.

दादा, "सायकलीने पाण्याचं काय बिघडणार" हा मुद्दा बैठकीत अजिबात काढू नका, तिथेच हराल. टायरबद्दल कुणाला फार चिंता नसते, चिंता सायकलीवर बसलेल्या माणसाची असते. माणूस तीन-चार तास डोंगरात असला की त्याला कुठेतरी शौचाला जावं लागतं, आणि संडास जवळपास नसेल तर तो आडोसा बघतो, आणि आडोसा बहुतेक वेळा ओढ्याच्या काठच्या झाडीतच मिळतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी माणसांच्या आणि जनावरांच्या विष्ठेतून पाण्यात येतो, त्याचं कवच इतकं टणक असतं की नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनला तो दाद देत नाही, थंड पाण्यात महिनोन्‌महिने तगतो आणि अगदी थोडे पोटात गेले तरी आजारी पाडतो. धडधाकट माणूस जुलाब काढून बरा होतो, पण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली आहे त्याच्या जिवावर बेततं. १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून याची साथ आली, सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. आणि तिथे फिल्टर नव्हते असं नाही हं, होते, पण नेमक्या त्या दिवसांत एका केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला आणि फिल्टरमधून जंतू निसटले.

म्हणून आमच्या क्षेत्रात एकाच अडथळ्यावर कधी भिस्त ठेवत नाहीत. पाणलोट स्वच्छ ठेवायचा, धरणात पाणी पुरेसा काळ साठू द्यायचं, मग गाळायचं, मग क्लोरीन किंवा यूव्ही (अतिनील किरण), आणि शेवटी पाइपलाइन सांभाळायची. यातला कुठला ना कुठला टप्पा एखाद्या दिवशी फसणारच असं धरून बाकीचे उभे ठेवायचे असतात. तुम्ही पाणलोटात लोकांना येऊ द्या म्हणता तेव्हा पहिला अडथळा थोडा सैल करा असं म्हणत असता. ते चूकच आहे असं नाही, पण मग मागचे अडथळे किती भक्कम आहेत हे विचारावं लागतं.

त्यामुळे बैठकीच्या आधी एक गोष्ट नक्की शोधा: तुमच्या धरणाचं पाणी गाळलं जातं का? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण न्यूयॉर्कला कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या धरणांतून येणारं पाणी, बॉस्टनचं क्वाबिन आणि वाचुसेटचं पाणी, सिएटलचं सीडर नदीचं पाणी, ही सगळी न गाळता पुरवली जातात, फक्त निर्जंतुक करून. त्यासाठी अटी कडक आहेत, पाण्याचा गढूळपणा ५ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) वर जाऊ द्यायचा नाही आणि पाणलोट ताब्यात आहे हे सरकारला सतत दाखवत राहायचं. अशा ठिकाणी पाणलोट हाच मुख्य फिल्टर, मग तिथले लोक कडक वागणारच. सिएटलने सीडरचा पाणलोट लोकांना जवळजवळ बंदच ठेवलाय. पाणी पूर्ण गाळून घेत असतील तर बोलायला जागा बरीच असते.

आणखी एक, अंतराला फार महत्त्व आहे. पाणी जिथून उपसतात त्या टोकाजवळ घाण पडली तर ती काही तासांत केंद्रात पोचू शकते. तीच दूर वर, डोंगराच्या धारेवर पडली तर मातीत अडकते, उन्हात मरते, धरणात आली तरी खाली बसायला वेळ मिळतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात यासाठी जलाशयाभोवती २ किलोमीटरपर्यंतचा संरक्षित पट्टा ठेवतात, त्यात असे खेळ नाहीत, बाहेरच्या पाणलोटात मंजूर ट्रेलवर सायकल चालते. तुमचा सगळा पाणलोट एकाच रंगात रंगवलाय का, की पट्टे पाडलेत, हे नकाशात बघा. माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम तेच आहे.

मुरूमवाट:

ताईंनी जंतूंचं सांगितलं, मी मातीचं सांगतो, मी ट्रेल बांधतो.

सायकल जास्त माती उकरते की पाय, यावर लोक तासन्‌तास भांडतात आणि त्यातून काही निघत नाही. १९९४ मध्ये मॉंटानात एक प्रयोग झाला होता, त्यात ओल्या वाटेवर घोड्याच्या खुरांनी आणि माणसाच्या पायांनी सायकलच्या चाकांपेक्षा जास्त माती सुटी झाली होती. पण हे ऐकून खूश होऊ नका, कारण वाट कोण वापरतं यापेक्षा वाट कुठून काढलीय यावर सगळं ठरतं. तुमच्या त्या झाडीतून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या वाटा मी न बघता सांगतो, त्या डोंगराच्या सरळ उतारावरून खाली गेलेल्या असणार, कारण चोरून वाट पाडणारा सगळ्यात जवळचा आणि थरारक मार्ग घेतो. तिथे पाऊस पडला की वाटेचाच ओढा होतो, पाणी वाट सोडून बाहेर जाऊच शकत नाही, दर पावसात ती खोल होत जाते आणि सगळी माती थेट जलाशयात. रायडर वर्षभर आला नाही तरी ती वाट माती खातच राहणार!

नीट ट्रेल म्हणजे डोंगराच्या अंगाने आडवी काढलेली वाट. सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास, आणि कुठल्याही ठिकाणी वाटेचा उतार तिथल्या डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. बाहेरच्या कडेला किंचित कल द्यायचा म्हणजे पाणी पसरून खाली झाडीत जातं, आणि ठराविक अंतराने वाटेला छोटा उलटा चढ द्यायचा म्हणजे पाणी साठून धावायच्या आत बाहेर पडतं. हे काही माझं शोधलेलं नाही, इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन, म्हणजे इम्बा, कितीतरी वर्षं हेच सांगतेय. ओढा ओलांडायची जागा कमीत कमी, आणि जिथे ओलांडायचा तिथे लाकडी पूल किंवा दगडी फरसबंदी, चाक पाण्यातून जाता कामा नये. एखाद्या ट्रेलचं पाण्याला होणारं बहुतेक नुकसान त्या ओलांडण्याच्या जागांवरच होतं, मधली लांबी कितीही असो.

आता माती पाण्यात गेली तर काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. ताई सांगतीलच, पण मातीबरोबर फॉस्फरस जातो, त्यावर शेवाळ माजतं, आणि गढूळ पाण्यात कणांच्या आड जंतू लपतात, मग यूव्ही आणि क्लोरीन दोन्ही कमी चालतात. म्हणजे माती आणि जंतू हे दोन वेगळे विषय नाहीतच.

एक गोष्ट मात्र मी पाणीवाल्यांनाही सांगेन. पाणलोटातले त्यांचे स्वतःचे कच्चे रस्ते, जीपचे, आग विझवणाऱ्या गाड्यांचे, ते तपासलेत का? रुंद कच्चा रस्ता, बाजूला चर, आणि चर थेट ओढ्यात सोडलेला, हे मी जागोजाग बघितलंय. अरुंद ट्रेलपेक्षा त्यातून येणारी माती कितीतरी जास्त असते. सायकली रस्त्यावर चालतील पण सिंगलट्रॅकवर (एका वेळी एकच जण जाईल अशा अरुंद वाटेवर) नाही, असा नियम करताना हे कुणी मोजत नाही.

ओंजळ:

मी सायकल चालवत नाही, डोंगरात चालायला जाते, आणि मला बंदीच योग्य वाटते. सगळे मधला मार्ग शोधायला निघालेत म्हणून मुद्दाम लिहितेय.

मेलबर्नचं उदाहरण घ्या. त्या शहराचं बहुतांश पाणी १,५७,००० हेक्टरच्या जंगलातून येतं आणि ते जंगल १०० वर्षांहून जास्त काळ लोकांना बंद आहे. सायकल नाही, तंबू नाही, चालणंही नाही. त्याचा फायदा म्हणजे त्या पाण्यावर प्रक्रिया फार कमी करावी लागते. कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी "नाही" म्हणायचं धाडस दाखवलं म्हणून आज लाखो लोकांना ते पाणी मिळतंय. एकदा दार उघडलं की बंद करता येत नाही हो. आज ट्रेल, उद्या पार्किंग, परवा स्पर्धा, मग स्पर्धेला आलेल्यांसाठी टपऱ्या. प्रत्येक पाऊल छोटंच असतं आणि प्रत्येक वेळी "एवढ्याने काय होतंय" हेच ऐकायला मिळतं.

आणि पाण्याशिवायही प्रश्न आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्याच जाराच्या जंगलात फायटोफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग आहे, तो चिखलातून पसरतो, बुटांच्या तळव्याला आणि टायरला लागून एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातो. झाडं मेली की माती धरून कोण ठेवणार? धोका नाही हे दाखवायची जबाबदारी येणाऱ्याची असावी. पाणी पिणाऱ्या बाईने धोका सिद्ध करत का बसावं?

डोंगरचाक:

ओंजळताई, तुमचं म्हणणं टाळण्यासारखं नाहीये, खास करून शेवटचं वाक्य. पण आमच्याकडे तो डोंगर कधीच बंद नव्हता, वाटा आहेतच, चालणाऱ्यांना तर प्रस्तावातही बंदी नाही, फक्त सायकलींना आहे. माणसाची विष्ठा हाच मुख्य धोका असेल तर चालणारा आणि सायकलवाला यात फरक काय?

शुद्धजल:

डोंगरचाकदादा, हा प्रश्न बरोबर आहे आणि तो बैठकीत शांतपणे विचारा. फरक एवढाच की सायकलवाला तेवढ्याच वेळात कितीतरी लांब जातो, म्हणजे जिथे चालणारे क्वचित पोचतात त्या आतल्या भागात सायकलमुळे माणसं पोचायला लागतात. ई-बाईकने हे आणखी वाढतं. त्यामुळे नियम वाहनावरून नको, कुठल्या भागात किती माणसं पोचतात त्यावरून हवा.

आणि ओंजळताई, मेलबर्नबद्दल तुम्ही म्हणता ते खरंय, आणि ज्यांच्याकडे असं अस्पर्श जंगल आहे त्यांनी ते जिवापाड जपावं असं मलाही वाटतं. पण बंदी केली म्हणजे निश्चिंत झालो असं नसतं. ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहराला बुल रन नावाच्या पाणलोटातून पाणी येतं, तिथे १९०४ च्या कायद्याने लोकांना मज्जाव आहे. तरी २०१७ मध्ये त्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम वारंवार सापडायला लागला. माणूस तिथे जातच नाही, तर बहुधा जंगली जनावरांकडूनच आला. शेवटी त्यांना गाळणी केंद्र बांधायचा निर्णय घ्यावा लागला. त्यामुळे केंद्र सुधारायचं टाळण्यासाठी कुणी बंदी पुढे करत असेल तर तेही तपासा.

रानवारा:

कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. तिथला माउंट टॅमलपाइस डोंगर, जिथे १९७० च्या दशकात माउंटन बायकिंग वाढलं, जवळच १९७६ पासून रिपॅक नावाची उताराची शर्यत व्हायची, त्या डोंगराचा मोठा भाग तिथल्या पाणी मंडळाचा पाणलोट आहे! म्हणजे हा खेळच धरणाच्या पाणलोटाच्या अंगाखांद्यावर वाढला. तिथे कितीतरी वर्षं सायकली फक्त रुंद फायर रोडवर (आग विझवणाऱ्या गाड्यांच्या कच्च्या रस्त्यांवर), सिंगलट्रॅक चालणाऱ्यांसाठी आणि घोड्यांसाठी, वेगाची मर्यादा ताशी १५ मैल. नियम स्पष्ट होता, तरी बेकायदा वाटा पडतच राहिल्या, कारण लोकांना हवं होतं ते कायदेशीर मार्गाने कुठेच मिळत नव्हतं. मग २०२४ मध्ये मंडळाने काही ट्रेल प्रायोगिक तत्त्वावर सायकलींना खुले करायचं ठरवलं, तर पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या. मला वाटतं यातून दोन्ही बाजूंनी घ्यावं. पाणीवाल्यांनी हे घ्यावं की नुसत्या पाटीने वाटा थांबत नाहीत, आणि सायकलवाल्यांनी हे की आधी नीट अभ्यास न करता घाईने मिळवलेली परवानगी कोर्टात अडकते.

उलट न्यूयॉर्कचं बघा. शुद्धजलताईंनी म्हटलं तसं ते पाणी न गाळलेलं, तरी अशोकन जलाशयाच्या उत्तर बाजूने जुन्या रेल्वेमार्गावर २०१९ मध्ये साडेअकरा मैलांचा ट्रेल झाला, चालणारे आणि सायकलवाले दोघांसाठी. सपाट आहे, एमटीबीवाल्यांना त्यात मजा नाही हे मान्य, पण इतक्या नाजूक पाण्याजवळ सायकल येऊ शकली, कारण मार्ग एकच, ठरलेला, सुरुवातीच्या जागी सोयी, आणि पाण्याकडे उतरायला मनाई.

मुरूमवाट:

अशोकनचं उदाहरण चांगलं दिलंत. सपाट असल्यामुळेच ते जमलं, उतारावर तेच करायला खर्च जास्त येतो हे लक्षात ठेवा.

डोंगरचाक, आता तुमच्या मागण्यांबद्दल. सगळ्यात आधी तुम्ही काय सोडायला तयार आहात ते सांगा, त्याशिवाय कुणी ऐकणार नाही. जलाशयाच्या जवळचा पट्टा पूर्ण सोडून द्या, तिथल्या सगळ्या चोरवाटा आम्ही स्वतः येऊन बुजवतो म्हणा. बुजवणं म्हणजे वर दोन फांद्या टाकणं नव्हे, घट्ट झालेली माती खणून मोकळी करायची, आडवे ओंडके पुरायचे, तिथलीच झाडं लावायची, आणि वाटेचं तोंड दिसणार नाही असं झाकायचं. हे अंगमेहनतीचं काम आहे, क्लबने हात लावला तर पाणीवाल्यांचा विश्वास बसतो, मी हे होताना बघितलंय. त्या बदल्यात लांबच्या धारेवर, ओढे टाळून, एक नीट आखलेलं ट्रेलचं जाळं मागा. संडास सुरुवातीच्या जागी आणि सगळ्यात दूरच्या टोकाला दोन्हीकडे हवेत, फक्त पार्किंगला असून उपयोग नाही, कारण गरज लागते ती लांब गेल्यावर. सायकल धुवायची जागाही ट्रेल सुरू होतो तिथे, आणि ते धुतलेलं पाणी मातीत जिरेल असं, ओढ्याकडे नाही.

आणि पावसात बंद. यावर वाद घालू नका प्लीज. ओल्या मातीवर चाक रुतलं की खोबण पडते आणि पुढच्या पावसाला रस्ता मिळतो. पाऊस थांबल्यावर वाट सुकेपर्यंत फाटक बंद, उघडायचं कधी ते मातीकडे बघून ठरवायचं, तारखेवरून नाही.

ओंजळ:

मुरूमवाट यांनी लिहिलंय तसं खरंच झालं, म्हणजे जवळचा पट्टा रिकामा, जुन्या वाटा बुजवलेल्या, पावसात फाटक बंद, तर माझा विरोध बराच कमी होईल. पण माझी एक अट आहे, आणि ती लेखी हवी. पाणी बिघडलं तर ट्रेल आपोआप बंद झाला पाहिजे, पुन्हा बैठक, पुन्हा हरकती असं नको. किती गढूळपणा किंवा किती जंतू सापडले की बंद, तो आकडा आत्ताच ठरवा, जेव्हा कुणाचं मन त्यात गुंतलेलं नाहीये.

डोंगरचाक:

ही अट मला मान्य आहे, ग्रुपवरही मांडतो. ओरडा होईल थोडा, पण होऊ दे. एवढं ऐकल्यावर मला वाटतं चोरवाटा बुजवायचं काम आम्ही बैठकीची वाट न बघता परवानगी मागून सुरूच करावं. शुद्धजलताई, एकच विचारतो, तो आकडा ठरवायला कुठली मोजमापं मागू? धरणातल्या पाण्याचे अहवाल मिळतात तेवढे पुरतील का?

शुद्धजल:

धरणाचे पुरणार नाहीत. एवढ्या मोठ्या पाण्यात सगळं विरळ होऊन जातं आणि एका ट्रेलमुळे काय झालं ते त्यात कळतच नाही. ट्रेलच्या खालच्या ओढ्यावर एक आणि ज्या ओढ्याच्या वर ट्रेल नाही अशा शेजारच्या ओढ्यावर एक, असे जोडीने नमुने मागा, म्हणजे तुलना होते. गढूळपणा आणि ई-कोलाय (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेला जिवाणू) दोन्ही, आणि शक्य असेल तर गढूळपणा मोजणारं यंत्र ओढ्यात कायमचं बसवायला सांगा. ट्रेल उघडायच्या आधीचा एक पावसाळा तरी मोजलेला हवा, नाहीतर नंतर काहीही झालं तरी दोन्ही बाजू आपापलं खरं करतील. आणि नमुने ठरलेल्या वारी, कोरड्या दिवशी घेऊ नका म्हणावं. मोठा पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत जे वाहून येतं तेच बघायचं असतं, त्यासाठी रात्री-बेरात्री कुणीतरी जायला हवं, तेव्हा माणूस कोण जाणार हेही त्या कागदावर लिहून घ्या.